पाटी सुलट

१

पारूच्या डाव्या दंडावर नाव आणि नंबर लिहिल्याशिवाय स्वातीचा पाय घराबाहेर पडत नसे. निळं बॉलपेन, वर ‘पारू’, खाली अंकुशचा मोबाइल नंबर, शेवटचे आकडे सात-चार-दोन. महालक्ष्मीच्या जत्रेत माणसं पोरांच्या दंडावर असं लिहून ठेवतात, पोर गर्दीत चुकलंच तर कुणीतरी फोन करावा म्हणून. गेल्या जत्रेत पारू खरोखरच पाऊण तास चुकली होती. एका पोलिसाने तिचा दंड वाचला म्हणून ती सापडली. जत्रा उठली, बाकीच्यांनी आपापल्या पोरांचे दंड घासून धुतले. स्वातीची जत्रा काही उठली नाही. ती रोज संध्याकाळी अंघोळीत नंबर धुवायची आणि रोज सकाळी नवा लिहायची.

“पोरगी हाय का गॅसची टाकी?” अंकुश विचारायचा. “रोज नंबर टाकतेस ते.”

तो बोईसरला केमिकलच्या कारखान्यात होता आणि पाळ्या बदलून बदलून त्याची झोप कायम अर्धी राहिलेली असायची. त्यामुळे बायकोची भीती त्याला थट्टेपुरतीच परवडत होती.

पारू अडीच वर्षांची. दिवसभर ती शेजारच्या खोलीतल्या नलूमावशीकडे राहायची आणि स्वाती स्टेशनपलीकडच्या ललितशेठच्या फोटो स्टुडिओत जायची. स्टुडिओच्या माळ्यावर एक खोली होती. खिडकीला जाड काळा पडदा, एक टेबल, टेबलावर खालून उजेड येणारी दुधी काच, शेजारी स्कॅनर आणि कॉम्प्युटर. भिंतीला लागून पत्र्याचे अकरा डबे. डब्यांत ललितशेठच्या मेलेल्या काकाने, प्रतापकाकाने, काढलेले रंगीत फोटो होते. कागदावरचे नव्हेत. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले फिल्मचे बोटभर तुकडे, स्लाइडी. उजेडावर धरल्याशिवाय त्यांत काही दिसायचं नाही.

ज्या काळात इथे लग्नाचे फोटोही काळेपांढरे निघत, त्या काळात प्रतापकाकाला कुणा बाहेरच्या साहेबाकडून रंगीत फिल्म मिळायची, आणि हा माणूस ती रस्त्यावर उधळायचा. न्हाव्यासमोर मान वाकवून बसलेला माणूस. रॉकेलच्या रांगेतले डबे. टांग्याचं घोडं. पोळीभाजी खाणारे गवंडी. न विचारता फोटो काढतो म्हणून लोकांनी त्याला दोनदा दगड मारले होते. बायका तर त्याला लांबून बघितलं तरी पाठ फिरवून उभ्या राहायच्या. आता मुंबईचं कुणीतरी त्याच फोटोंचं पुस्तक काढणार होतं.

स्वातीचं काम सोपं होतं. पांढरे हातमोजे घालायचे, स्लाइड कडेने धरायची, रबरी फुग्याने धूळ उडवायची, काचेवर ठेवून सुलट-उलट बघायची, स्कॅनरमध्ये घालायची, नंबर टाकायचा. सुलट-उलट बघायला फोटोतल्या दुकानाची पाटी वाचायची. ‘किराणा’ नीट वाचता आलं तर स्लाइड सुलट. अक्षरं आरशातल्यासारखी दिसली तर फिरवायची.

“पाटी सुलट तर फोटो सुलट,” ललितशेठने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “तू सातवी शिकलेली, तेवढं वाचता येतं म्हणून ठेवली. बाकी डोकं चालवायचं नाय.”

२

दोनशे चौदा नंबरची स्लाइड तिच्या हाती लागली ती शुक्रवारी, जेवणाच्या आधी.

एव्हाना तिचे डोळे त्या रंगांना सरावले होते. पन्नास वर्षांत फिल्ममधला हिरवा-निळा उडून गेला होता आणि सगळ्यावर एक गुलाबी झाक चढली होती. गुलाबी रस्ता, गुलाबी बैल, माणसांची तोंडं रंगपंचमीनंतर अर्धवट धुतल्यासारखी. ललितशेठ कॉम्प्युटरवर तो गुलाबी काढून टाकायचा, पण काचेवर तो तसाच असायचा. दुपारी बाहेर आल्यावरही तिला घटकाभर सगळी माणसं तशीच दिसायची.

या स्लाइडमध्ये पाटी नव्हती. एक लांब भिंत, भिंतीला टेकवलेली सायकल, आणि रस्त्याच्या मधोमध पाठमोरी बाई. कडेवर मूल. मुलावर पदर ओढलेला, त्यामुळे त्याचे फक्त पाय दिसत होते. बाकी काही नाही. ना दुकान, ना मैलाचा दगड. सायकलच्या मडगार्डवरसुद्धा अक्षर नव्हतं.

असं झालं तर स्लाइडची चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवायची, हेही शेठने सांगितलं होतं. एक बाजू मंद असते, एक चकाकते. स्वातीने स्लाइड तिरपी धरली. मग उलटी करून तिरपी धरली. दोन्ही बाजू चकाकत होत्या.

मग तिने बाईकडे बघितलं. पाठीवरून येणारा पदर उजव्या खांद्यावर गेला होता. स्वातीच्या आईचा, मावशीचा, माहेरच्या, मासवण गावातल्या साऱ्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर. म्हणजे स्लाइड उलटी. तिने ती फिरवली, बाईचा पदर डावीकडे आला, आणि तिने स्कॅनरचं बटण दाबलं. स्कॅनर रोजच्यासारखा घरघरला. फक्त संपताना थोडा जास्त वेळ चालला, आत काहीतरी अडकून सुटावं तसा.

३

जेवताना तिने ही हुशारी हेतलबेनना सांगितली. हेतलबेन म्हणजे ललितशेठची बायको, खाली काउंटरवर बसायच्या. त्यांनी हातातला ठेपला खाली ठेवला आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावरून पुढे आलेल्या पदराचं टोक धरून दाखवलं.

“मग मी पण उलटी का?”

रोज समोर बसणाऱ्या बाईचा पदर स्वातीला दिसला नव्हता. गुजराती बायका पदर उजव्याच खांद्यावरून पुढे घेतात, हे या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“अहो,” हेतलबेन नवऱ्याला म्हणाल्या, “तुमची ही शिकलेली बाई काकांच्या फोटोतल्या बायकांना लुगडी नेसवते.”

ललितशेठ हसला नाही. त्याने ताट सरकवलं आणि स्वातीच्या मागोमाग माळ्यावर आला. तिने दोनशे चौदा काढून काचेवर ठेवली. पदर डावीकडे. परत फिरवायची म्हणून तिने ती उलटली. पदर डावीकडेच. पुन्हा उलटली. डावीकडेच. आपणच घाईत दोनदा फिरवतोय असं वाटून तिने पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर पेनाने टिंब काढलं आणि सावकाश, एकदाच, फिरवली.

पदर डावीकडे होता. आणि बाई मघापेक्षा जराशी जवळ वाटत होती. पण ते उभं राहून बघितल्याने असेल.

शेठला तिने काय सांगायचं? तो स्क्रीनवरचा फोटो बघत होता. रस्ता, भिंत, पाठ. पुसटही नव्हता.

“राहू दे तसाच,” तो म्हणाला. “तक्रार करायला कोण येणाराय?”

४

साडेपाचला ती चाळीत पोचली तेव्हा नलूमावशी दारातच जवळा निवडत बसली होती. मावशी तारापूरकडची, तोंडाने फटकळ. पारू तिच्यामागे फरशीवर होती. गप्प बसून होती.

“तुझी बहीण येऊन गेली,” मावशी म्हणाली.

स्वातीला बहीण नव्हती.

मग मावशीने जे सांगितलं ते असं. दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई चाळीच्या बोळात येऊन उभी राहिली. भिंतीकडे तोंड करून. मावशीने हटकलं तर म्हणाली, पारूला बघायला आले. पारूचं नाव तिला ठाऊक, आवाज पण थेट स्वातीसारखा, मग मावशीला वाटलं सख्खी नाहीतर चुलत असेल. पारू आपली आपण उठून तिच्याकडे गेली. बाईने तिला कडेवर घेतलं, पदर झाकला, बोळाच्या टोकापर्यंत नेलं आणि पाच मिनिटांनी परत आणून सोडलं. तोंड काही बघितलं नाही. उजेड तिच्या मागून होता.

“पदर कुठल्या खांद्यावर होता?” स्वातीने विचारलं.

मावशीने तिच्याकडे असं बघितलं, जणू बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

“आमी काय शिंपी हाव? पदर बघत बसू?”

“परक्या बाईच्या हातात पोर दिलीत तुमी. तोंड न बघता.”

“मी फुकट सांभाळते, तुझ्या मेहेरबानीवर नाय,” मावशी म्हणाली. जवळा पाखडायचं सूप तिने जोरात आपटलं. “आन् पोर परत मिळाली ना तुला? का आता मोजून घेतेस, हात दोन, पाय दोन?”

स्वातीने खरोखरच मोजले. दारात बसून, मावशीच्या देखत. हात दोन, पाय दोन, गळ्यातला काळा दोरा, पिवळ्या फ्रॉकचं तुटलेलं मधलं बटण. दंडावरचा नंबर घामाने फिसकटला होता, निळा डाग तेवढा उरला होता. त्यात विशेष काही नव्हतं, उन्हाळ्यात रोजच फिसकटायचा.

“आई,” पारू म्हणाली. गालाला हात लावला तर गाल थंड.

५

शनिवारी पारूने भाकरीचा तुकडा डाव्या हाताने उचलला.

पोरं कधी या हाताने खातात, कधी त्या हाताने, हे स्वातीला समजत होतं. तिने तुकडा काढून उजव्या हातात दिला. पारूने तो शांतपणे डाव्यात घेतला आणि खाल्ला. रडली नाही. खरं तर कालपासून ती एकदाही रडली नव्हती. जी पोर केस विंचरताना चाळ डोक्यावर घ्यायची, ती मांडीवर ठेवलेल्या जागी बसून राहत होती. कुशीवर वळवली की वळलेलीच.

अंकुश रात्रपाळी करून आला होता. त्याला पोर आवडली.

“बघ, कशी गुलाबी झालीय,” तो म्हणाला. “आईवर काळी गेली म्हणत होते सगळे.”

सार्वजनिक नळावरच्या बायकाही तेच म्हणाल्या. काय लावतेस गं पोरीला? गोरी, गुलाबी दिसायला लागली. स्वातीने पारूला उन्हात नेऊन बघितलं. ऊन पिवळं होतं, समोरचा रंगवलेला दरवाजा निळा होता, तिचा स्वतःचा हात सावळा होता. पारूच्या गालांवर, कपाळावर, हाताच्या पंजांवर, नखांत, डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा एकसारखी गुलाबी झाक होती. लाली अशी नसते. लाली कुठे जास्त असते, कुठे कमी.

माझेच डोळे बिघडलेत, असं तिने स्वतःला बजावलं. दिवसभर त्या काचेवर तेच रंग बघायचे, दुसरं काय होणार. कारखान्याची बारा रसायनं नाकात जातात, पोरीला उष्णता झाली असेल. शुक्रवारी आलेली बाई शेजारच्या चाळीतली कुणी असेल, मावशी म्हातारी, तिने नाव स्वतःच उच्चारलं असेल. एकेक गोष्ट उचलून बघितली तर प्रत्येकीला उत्तर होतं. सगळ्या एका जागी ठेवल्या की मात्र एकही उत्तर पुरत नव्हतं.

तिने पारूच्या डाव्या दंडावर नाव लिहिलं, नंबर लिहिला. दोनदा वाचून बघितला. मग तिने मावशीचं दार न ठोठावता पोरीला कडेवर घेतलं आणि कामाला निघाली. पारू नेहमी तिच्या डाव्या कुशीला घट्ट बिलगायची. आज ती अंग सोडून, उजवीकडे जायला बघत होती.

६

पोर बघून ललितशेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. इथे बालवाडी उघडली का, त्याने विचारलं. दुपारी मुंबईची माणसं डबे न्यायला येणार होती, अजून दीड डबा बाकी होता. हेतलबेनने पारूचा गाल ओढला आणि गुलाबजाम म्हणाल्या. पारूने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात काढून पदराला पुसला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माळ्यावर स्वातीने पारूला टेबलाखाली बसवलं आणि पहिल्यांदा स्क्रीनवर दोनशे चौदा उघडली.

भिंत गुलाबी, सायकल गुलाबी. बाई पाठमोरी, पण पदर आता मुलावर नव्हता. मूल बाईच्या खांद्यावरून मागे बघत होतं, सरळ कॅमेऱ्याकडे. आणि त्या सबंध विटलेल्या फोटोत ते मूल तेवढं विटलं नव्हतं. सावळं तोंड. काळा दोरा. पिवळाजर्द फ्रॉक, मधलं बटण तुटलेलं. रडून ओठ वाकडे झालेले, गालावर पाणी, आणि एक हात आईने घ्यावं म्हणून पोर पुढे करते तसा पुढे केलेला.

टेबलाखाली काहीही आवाज नव्हता.

स्वातीने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. पुढे केलेल्या दंडावर निळं काहीतरी होतं. ती एकेक अक्षर जोडत, पहिलीतल्या पोरासारखी, ओठ हलवत वाचू लागली. पा. रू. खाली आकडे. शेवटचे सात, चार, दोन.

नीट वाचता येत होतं. अक्षरं सुलट होती.

पाटी सुलट तर फोटो सुलट, हे तिला आठवलं. सुलट फोटोला हात लावायचा नाही, हेही आठवलं. पण सहा आठवड्यांत तिच्या हातांना दुसरी एकच विद्या आली होती. चूक फिरवताना झाली, तर परत फिरवायची. तिने डब्यातून दोनशे चौदा काढली. हातमोजे घातले नाहीत. काचेवर ठेवली नाही, बघत बसली तर धीर सुटेल म्हणून. फिरवली, स्कॅनरमध्ये सारली, बटण दाबलं.

टेबलाखालून एक छोटा हात तिच्या पायावर आला. थंड. धरत नव्हता, नुसता ठेवलेला. जणू शाबासकी.

स्कॅनर घरघरला. फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरत आला. भिंतीचा वरचा काठ. सायकलचं हँडल. मग बाई. लांब गेलेली, रस्त्याच्या पार टोकाला, पाठमोरी. पदर उजव्या खांद्यावर, जसा पहिल्या दिवशी होता. कडेवर मूल, त्यावर पदर ओढलेला. दिसत होते ते पाय. मटकीएवढे. त्यांचा रंग कळण्याइतके मोठे नव्हते.

पदर परत आपल्या जागी गेला म्हणजे सगळंच जागी गेलं, असा तिने अर्थ लावला. ती खाली वाकली. पारूने डोळे चोळले आणि चक्क भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून स्वातीला भरून आलं. दंड बघितला. पारू. सात, चार, दोन. सकाळी लिहिलं तसंच, सुलट. तिने पोरीला छातीशी आवळलं.

तीन वाजता मुंबईची माणसं आली आणि अकरा डबे गाडीत घालून घेऊन गेली. स्वातीने स्वतः दोन डबे खाली उतरवून दिले.

७

संध्याकाळी अंकुश उठून चहा घेत होता. बोळातून तिरपं ऊन खोलीत आलं होतं. त्या उन्हात पारूचे गाल सावळे दिसत होते की गुलाबी, हे बघायचं नाही असं स्वातीने ठरवलं होतं. मावशीशी उद्या गोड बोलावं लागेल, एवढाच विचार डोक्यात होता. तिने पारूला मांडीवर घेतलं, भिंतीवरच्या आरशासमोर बसली आणि वेणी घालायला फणी घेतली.

पारू रडली नाही.

स्वातीने आरशात बघितलं. आरशात ती होती, तिच्या मांडीवर पोर होती, मागे अंकुश बशीत चहा ओतत होता. त्याच्या कारखान्याचा शर्ट खुंटीला होता. शर्टाच्या खिशावरची अक्षरं आरशात उलटी दिसत होती, जशी दिसायला हवीत.

पोरीच्या दंडावर नाव होतं. पा. रू. खाली नंबर. सात, चार, दोन.

तिने फणी खाली ठेवली. मान वळवून खरा दंड वाचला. सुलट. परत आरशात वाचला. घाई केली नाही, एकेका अक्षराखाली हवेत बोट धरून वाचला.

आरशातही सुलट होता.

“काय गं?” अंकुश म्हणाला. “बघू नकोस एवढी, नजर लावशील.”

सुलट फोटो तिने फिरवला होता. त्यातली पोर तोंड तिच्याकडे करून, हात पुढे करून रडत होती, दंडावर लिहिलेलं स्वातीला नीट वाचता आलं होतं, आणि तिने स्वतःच्या हाताने तिला भिंतीकडे फिरवलं होतं. डबा मुंबईला गेला. कुठल्या घरी, कुणाच्या टेबलावर, तिने नाव विचारलं नव्हतं.

मांडीवरची पोर आरशातून तिच्याकडे बघत होती. तिने डावा हात उचलला, स्वातीच्या हातावर थोपटलं आणि थेट स्वातीच्याच आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाली, “राहू दे तसाच.”